माफी नाकारली, मग पुढे काय?

वादाला तोंड फुटलं ते एका आकड्यावरून. ४०.१८ टक्के. मे २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मंडेलांच्या पक्षाला, एएनसीला, एवढीच मतं पडली. १९९४ ला बासष्टच्या पुढे, २००४ ला जवळपास सत्तर, आणि तीस वर्षांत बहुमत गेलं.

"झुमानं खाल्लं सगळं," बाप्यानं निकाल देऊन टाकला. "गावच्या घरावर २४ कोटी ६० लाख रँड सरकारी पैसा. पोहायच्या तलावाला म्हणे आग विझवायचा हौद म्हणायचं! गुरांचा गोठा, कोंबड्यांचं खुराडं, सगळं सुरक्षेच्या खात्यावर."

"झुमा २००९ ला राष्ट्राध्यक्ष झाला. कीड त्याच्या आधीची आहे," मास्तर म्हणाले. "टुटूंच्या सत्य आणि समेट आयोगानं वर्णभेदाच्या राजवटीतल्या खुन्यांना माफ केलं, न्याय तिथंच मेला."

वकिलानं कटिंगचा ग्लास कट्ट्यावर ठेवला. तो असा ग्लास ठेवतो तेव्हा पंधरा मिनिटं तरी कुणी उठायचं नसतं.

"हे सगळेच म्हणतात, पण माफी सरसकट नव्हती. १ मार्च १९६० ते १० मे १९९४ मधलं कृत्य हवं, राजकीय हेतूनं केलेलं हवं, आणि सगळं खरं सांगायचं. पश्चात्तापाची अट नव्हती, रडून दाखवायची गरज नाही. ७,११२ अर्ज आले, मंजूर किती? ८४९."

"म्हणजे बहुतेकांना नकारच?" मंजूनं विचारलं.

"हो. कित्येक अर्ज तर साध्या गुन्ह्यांत आत बसलेल्या कैद्यांचे होते. सौदा असा होता, की ज्यांना नकार मिळाला आणि ज्यांनी अर्जच केला नाही, त्यांच्यावर खटले भरायचे. तीनेकशे प्रकरणं सरकारी अभियोग खात्याकडे गेली आणि तिथं धूळ खात पडली."

मास्तरांना पटेना. "पण मुळात सौदा करायचाच कशाला?"

"१९९३ साली बंदुका कुणाच्या हातात होत्या मास्तर? लष्कर जुनं, पोलीस जुने. म्हणून तर अंतरिम घटनेच्या अगदी शेवटी माफीचं वचन घालावं लागलं. वर्णभेदाविरुद्ध लढताना पोलीस कोठडीत मेलेल्या स्टीव्ह बिकोच्या घरच्यांनी माफीच्या कायद्याला आव्हान दिलं, १९९६ ला हरले. मला तो निकाल कडू पण बरोबर वाटतो. पाप केलं ते पुढच्या पायरीवर, खटले न भरून."

मग त्यानं अहमद तिमोल या वर्णभेदविरोधी कार्यकर्त्याचं प्रकरण काढलं. ऑक्टोबर १९७१, जोहान्सबर्गचं पोलीस मुख्यालय, दहावा मजला. पोलीस म्हणाले, दुपारी खिडकीतून उडी मारली. १९७२ च्या चौकशीत आत्महत्या म्हणून फाईल बंद. पुतण्यानं वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला, तेव्हा २०१७ ला चौकशी पुन्हा उघडली. पडताना पाहणाऱ्यांनी सांगितलं, ही सकाळची गोष्ट. डॉक्टरांनी सांगितलं, कवटी आणि जबडा पडण्याआधीच फुटलेला. असल्या माणसानं खिडकीपर्यंत चालत जाऊन उडी मारायची? न्यायमूर्तींनी खून म्हटलं. खोलीत असल्याचं सांगणाऱ्या पोलिसावर २०१८ ला आरोप ठेवला. खटलाच थांबवा म्हणून तो वरच्या कोर्टापर्यंत लढला, हरला, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये खटला उभा राहण्याआधीच वारला.

"तारखांमधलं अंतर बघा," वकील म्हणाला. "पुरावा मिळत होता, पण शोधायला घरच्यांना लागावं लागलं. सरकारी खातं हललंच नाही."

"का?"

"खुर्चीमुळे. राष्ट्रीय अभियोग संचालक राष्ट्राध्यक्ष नेमतो. कायद्यात मुदत दहा वर्षांची, पण आजवर एकानंही ती पुरी केलेली नाही. व्हुसी पिकोली या संचालकाला २००७ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष एम्बेकींनी निलंबित केलं, तेव्हा त्याच्या हातात देशाच्या पोलीसप्रमुखाच्या अटकेचं वॉरंट होतं. जुन्या राजवटीतल्या खटल्यांतही राजकीय ढवळाढवळ झाली, असं त्यानंच पुढे शपथपत्रावर सांगितलं. त्याच खुर्चीवरच्या मेन्झी सिमेलानेची नेमणूक २०१२ ला कोर्टानं रद्द केली. पुढच्या एनक्सासानानं तर १ कोटी ७३ लाख रँड घेऊन खुर्ची सोडली. कोर्टानं तोही व्यवहार रद्द केला, पैसे परत कर म्हणून सांगितलं."

बाप्या गप्प झालेला बघून वकिलाला चेव आला. "भ्रष्टाचार पकडणारं स्कॉर्पियन्स पथक याच खात्यात होतं. २००७ च्या एएनसी अधिवेशनात ते मोडायचं ठरलं, २००९ पर्यंत मोडलंही. जुन्या खुन्यांना हात लावायचा नाही हे ज्या खात्याला शिकवलं, तेच खातं नव्या चोरांना कसं धरणार?"

मंजू बँकेतली. झुमाच्या जवळचे भारतीय वंशाचे उद्योगपती गुप्ता बंधू, त्यांचं नाव निघालं तशी तिची कळी खुलली. "२०१६ ला तिथल्या मोठ्या चार बँकांनी त्यांची खाती बंद केली. उरली कोण? बँक ऑफ बडोदा. जोहान्सबर्गच्या शाखेतून व्यवहार चालू राहिले आणि २०१८ ला बँकेनं तिथला गाशाच गुंडाळला. त्या बँकेचं मोठं ऑफिस आपल्या बीकेसीत आहे, बरं का."

"आणि गुप्ता?"

"२०२२ ला दोघे भाऊ दुबईत धरले होते. २०२३ ला तिथल्या कोर्टानं त्यांना सोपवायला नकार दिला."

"तरी," बाप्या पुन्हा उसळला, "माजी राष्ट्राध्यक्षाला पंधरा महिन्यांची शिक्षा देणारं कोर्ट किती देशांत आहे?"

यावर मास्तरसुद्धा मान हलवते झाले. २०२१ ची गोष्ट, झुमाच्या काळातला भ्रष्टाचार तपासणाऱ्या झोंडो आयोगापुढे साक्ष द्यायला त्यानं नकार दिला म्हणून. पण त्यानंतर उसळलेल्या दंगलीत साडेतीनशेहून जास्त माणसं मेली, आणि दोनच महिन्यांत झुमा वैद्यकीय कारणावर बाहेर. शिवाय ती शिक्षा कोर्टाच्या अवमानाची होती. तिथं कोर्टाला अभियोग खातं लागत नाही. जिथं लागतं तिथं काय होतं ते मारिकानाच्या खाणीवर दिसतं. ऑगस्ट २०१२ मध्ये पोलिसांनी एका दुपारी ३४ खाणकामगार गोळ्या घालून मारले. त्या ३४ मृत्यूंबद्दल एकाही पोलिसाला शिक्षा नाही.

"क्रॅडॉक गावचे चौघे वर्णभेदविरोधी कार्यकर्ते बघा," वकिलानं शेवटचा घोट घेतला. "जून १९८५ मध्ये मारले. पहिली चौकशी म्हणाली मारेकरी अज्ञात, दुसरी म्हणाली सुरक्षा दलं, पण नाव एकाचंही नाही. १९९९ ला सहा पोलिसांना माफी नाकारली. खटला भरला नाही, सहाही मेले. तिसरी चौकशी उघडली २०२५ मध्ये."

"मग आता शिक्षा कुणाला?" मंजूनं विचारलं.

"मारेकऱ्यांना कसली? मेलेल्यांच्या घरच्यांनी कोर्टात खेचल्यावर राष्ट्राध्यक्ष रामाफोसांनी २०२५ मध्ये आयोग नेमला. खटले कुणी दाबले ते शोधायला. अध्यक्ष सिसी खाम्पेपे. झुमाला आत पाठवणारा निकाल लिहिला, त्याच या बाई."

"मग झुमा ओरडला असेल."

"झुमा ओरडलाच, पण एम्बेकीही. २००८ मध्ये झुमाच्या माणसांनी ज्यांना राष्ट्राध्यक्षपदावरून खाली खेचलं, तेच एम्बेकी. या बाईंना बाजूला करा, ही दोघांची एकच मागणी."