टर्मिनल काढून विझवलेली लाइट

घरच्या ग्रुपवर तोच मजकूर परवा तिसऱ्यांदा आला: "वॉरंटीतल्या गाडीला इंजिनची लाइट लागली तर शोरूमला जाऊ नका, लुटतात! बॅटरीचं टर्मिनल दहा मिनिटं काढा, लाइट जाते. कोकणच्या खाऱ्या हवेत सेन्सर खोटं बोलतात. बाहेरच्या मेकॅनिकने हात लावला की वॉरंटी खलास. पिवळी काय नि लाल काय, चालतेय तोवर चालवा." पहिल्यांदा आला तेव्हा मी दुर्लक्ष केलं. गुहागरच्या काकांनी केलं नाही.

काकांची गाडी दोन वर्षांची, वॉरंटी तीन वर्षांची. चढावर धक्के द्यायची आणि पिवळी लाइट लागायची. काकांनी दहाचा पाना घेतला, टर्मिनल काढलं, चहा घेतला, परत लावलं. लाइट गायब! तरी मनात धाकधूक, म्हणून गाडी चिपळूणला दाखवायला नेली. शोरूमच्या ॲडव्हायझरने स्कॅनर लावला तर एकही कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, नाही. जॉबकार्डवर लिहिलं, "दोष आढळला नाही." पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला त्या पोराने स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "काका, बॅटरी काढली होती का?" कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली हे स्कॅनरवर दिसतं. आकडा बरोबर गुहागर ते चिपळूण एवढा होता. काका निरुत्तर.

लाइट लागते तेव्हा गाडी कोडसोबत त्या क्षणाची नोंदही ठेवते: वेग किती, इंजिन किती तापलेलं, किती जोरात फिरत होतं. टर्मिनल काढलं की बऱ्याच गाड्यांत हे सगळं पुसलं जातं. बिघाड असतो तिथेच. पुरावा मात्र आपणच, आपल्या हाताने, फुकटात दुरुस्ती मिळायच्या काळात नाहीसा करतो. तिसऱ्या वेळी काकांनी काही न काढता गाडी नेली. पी०३०२ निघाला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पेट्रोल नीट पेटत नव्हतं. ठिणगीसाठी वीज देणारी इग्निशन कॉइल बदलली, बिल शून्य.

खाऱ्या हवेचं मान्य करतो, नाइलाजाने. समुद्राजवळ कनेक्टरच्या पिना गंजतात आणि सेन्सरचा निरोप नीट पोचत नाही. पण गंजलेली पिन हा बिघाडच झाला की! ती वॉरंटीत बसते का, ते पुस्तिकेतल्या अपवादांच्या यादीत बघा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बहुधा बसत नाहीत. (बॉनेटमध्ये डांबराच्या गोळ्या टाकणारे आमच्याकडे काही कमी नाहीत. उंदीर त्यांना किती भितात, ते उंदरांनाच माहीत.)

बाहेरच्या मेकॅनिकची भीती तर शोरूमवाल्यांनीच पोसलीय. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला, एकूण दंड सुमारे २,५४४ कोटी रुपये. त्यात स्पष्ट म्हटलंय, बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट घालू नका; बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. प्रकरण पुढे अपिलात गेलं, दंडावरून बरीच वर्षं ओढाताण झाली. म्हणून मी असं नाही म्हणत की वॉरंटीतली कॉइल नाक्यावर बदलून घ्या. जी फुकट मिळते तिला पैसे का मोजायचे? पण नाक्यावर पंक्चर काढलं म्हणून कोणी इंजिनची वॉरंटी नाकारत असेल, तर हा आदेश पुढे करा.

लाल-पिवळीबद्दल थोडक्यात. तेलाच्या किटलीची लाल लाइट लागली तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा, तिथल्या तिथे. इंजिनची पिवळी स्थिर असेल तर जपून शोरूमपर्यंत जाता येतं. ती लुकलुकत असेल तर कुंभार्ली घाट चढायला घेऊ नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तो जाळतं, आणि तो भाग महाग असतो. हे सगळं गाडीच्या पुस्तिकेत चित्रांसकट आहे. ती पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात, प्लॅस्टिकसुद्धा न काढता पडलेली असते.

शोरूम लुटतात? काही लुटतात, मलाही अनुभव आहे. म्हणून लाइट लागलेली असताना मीटरचा फोटो काढा, किलोमीटर दिसतील असा. जॉबकार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या आणि प्रत मागा. वॉरंटी संपत आली असेल तर संपायच्या आत हे कागद हातात हवेत. तरी टोलवाटोलवी केली तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

मी एवढं ग्रुपवर लिहिलं. उत्तरादाखल आत्येभावाने नमस्काराचे दोन हात पाठवले आणि काकांनी जॉबकार्डचा फोटो टाकला, "दोष आढळला नाही" वाला.