लहरी लाकूड बाळगण्याचे शास्त्र

सुतारकामाचा छंद जडलेल्या माणसाने पहिली काही वर्षे सरळ रेषांच्या साध्या लाकडावर हात बसवावा, असे जाणती माणसे सांगतात. हा सल्ला आपण आदराने ऐकून घ्यावा आणि अजिबात पाळू नये. सरळ रेषांच्या लाकडात गंमत ती काय? ते रंध्याखाली निमूटपणे गुळगुळीत होते, करवत नेईल तिकडे कापले जाते, सांध्यात नीट बसते, आणि एवढे होऊनही काम बिघडलेच तर दोष कोणाचा हे सगळ्यांना कळते. लहरी लाकडाचे तसे नाही. ज्या झाडाचे तंतू सरळ वर न चढता नागमोडी वळणे घेत गेले, त्याची फळी उजेडात धरली की तिच्यावर तरंग उठलेले दिसतात, आणि फळी जराशी कलती केली की तेच तरंग जागा बदलतात. चढणीच्या आणि उतरणीच्या तंतूंवरून प्रकाश वेगवेगळ्या कोनांत परततो म्हणून असा भास होतो. हे कारण ठाऊक असले तरी खिशाचे रक्षण होत नाही, हे येथे अनुभवाने नमूद करतो.

खरेदीला निघताना हातात आराखडा असता कामा नये. आराखडा असला की माणूस लांबी, रुंदी आणि जाडी विचारतो, गरजेपुरते घेतो आणि घरी जाऊन कामाला लागतो; म्हणजे छंदाचा सगळा विस्तार तिथेच खुंटतो. बाजारात तुरी असताना भटाने भटणीला मारले, यात आजवर सर्वांनी भटाला हसून घेतले आहे. पण लाकडाच्या वखारीत त्या भटाइतका दूरदर्शी ग्राहक दुसरा नाही. आधी फळी घ्यावी, तिला साजेशी वस्तू पुढे सुचेल. न सुचली तर फळी त्या वस्तूपेक्षा मोठी ठरते, आणि तसे चारचौघांत सांगताना मान ताठ राहते.

जाण्यापूर्वी नावे मात्र पाठ करावीत. आडव्या पट्ट्यांचे तरंग असले तर कर्ली, व्हायोलिनच्या पाठीला शोभतील इतके दाट आणि एकसारखे असले तर फिडलबॅक, गादीच्या फुगवट्यांसारखे दिसले तर क्विल्टेड, बारीक ठिपक्यांचे डोळे असले तर बर्ड्सआय, आणि झाडाच्या अंगावरच्या गाठाळ फुगवट्यातून काढलेले असले तर बर्ल. बर्ड्सआयचे डोळे नेमके कशामुळे पडतात याचा निर्विवाद उलगडा अजून झालेला नाही, ही तर पर्वणीच समजावी. ज्या विषयात तज्ज्ञ गप्प बसतात त्यात हौशी माणसाला तासभर बोलता येते.

विक्रेता फळीच्या एका टोकाला वीतभर जागा रंधून ठेवतो. बाकीची फळी करवतीच्या ओरखड्यांनी भरलेली, मळकट, कोणत्याही फळीसारखी. मग तो ओला बोळा घेऊन त्या वीतभर जागेवरून एकदाच फिरवतो. त्या क्षणी आपण टोकावरच्या मेणाखाली दडलेली चीर पाहू नये, फळी डोळ्यासमोर आडवी धरून तिला पीळ आहे का हे तपासू नये, आणि ओलावा मोजण्याचे यंत्र खिशात असले तर ते खिशातच राहू द्यावे. देवदर्शनाच्या वेळी कोणी मूर्तीचे वजन विचारत नाही.

हिशेबातही संयम पाळावा. लाकूड ज्या मापाने विकतात तो बोर्डफूट म्हणजे १४४ घन इंच, हे खरे; परंतु ज्या इंचभर जाडीचे पैसे आपण मोजतो ती जाडी खडबडीत फळीची असते, आणि दोन्ही अंगांनी रंधून झाल्यावर हातात पाऊण इंच उरले तर माणसाने स्वतःला भाग्यवान मानावे. उरलेल्या पाव इंचाचा भुसा होतो. तो भुसाही लहरी लाकडाचाच असतो, हे मनाशी धरावे म्हणजे त्रास होत नाही.

घरी आल्यावर फळीला घरातल्या हवेची सवय होऊ द्यावी, हा नियम या शास्त्राचा कणा आहे. उघड्यावर वाळणाऱ्या लाकडाला जाडीच्या दर इंचामागे साधारण एक वर्ष लागते, असा जुना ठोकताळा आहे. आपली फळी भट्टीत वाळवलेली असली आणि तिला दोन-चार आठवडेच पुरणार असले तरी हाच ठोकताळा पुढे करावा. घरच्यांनी विचारले की 'अजून वाळते आहे' एवढेच सांगावे. या उत्तराला उलट प्रश्न येत नाही. प्रस्तुत लेखकाची एक फळी कपाटामागे गेली अकरा वर्षे वाळते आहे, आणि लेखकाच्या घरात तिच्याविषयी आता कोणी बोलत नाही.

एखाद्या कमकुवत दिवशी फळी रंधण्याची बुद्धी झालीच, तर ती थेट थिकनेस प्लेनरमध्ये, म्हणजे फळी एकसारख्या जाडीची रंधणाऱ्या यंत्रात, घालावी, आणि एकाच फेरीत भरपूर जाडी काढण्याचा हट्ट धरावा. बोथट पाती असतील तर उत्तमच. यंत्राचा सूर मध्येच बदलतो, आत कोणीतरी चणे फोडत असल्यासारखा आवाज येतो आणि फळी पलीकडून बाहेर पडते. तिच्यावरून बोट फिरवून पाहावे. जिथे तरंग उतरत होते तिथे काचेसारखे गुळगुळीत लागते आणि जिथे चढून पात्याच्या तोंडावर येत होते तिथे खपल्या निघून खड्डे पडलेले असतात; गुळगुळीत पट्टा, खड्ड्यांचा पट्टा, पुन्हा गुळगुळीत, अशी ती शिस्तबद्ध रांग असते. फळी उलटी फिरवून दुसऱ्या बाजूने घातली की खड्ड्यांचे पट्टे गुळगुळीत होऊ लागतात आणि गुळगुळीत पट्ट्यांना खड्डे पडतात. 'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण आपल्याला उद्देशून उच्चारली जाण्याची हीच वेळ होय. अशा वेळी शांतपणे सांगावे की येथे अंगण खरोखरच वाकडे आहे आणि त्या वाकडेपणासाठीच आपण जादा पैसे मोजले आहेत.

यानंतर हत्यारांची खरेदी सुरू होते, आणि माझ्या मते या छंदाचा खरा आनंद येथेच आहे. साध्या रंध्याचे पाते ४५ अंशांत बसते. खपल्या टाळायला पाते अधिक उभे हवे, म्हणून ५० अंशांचा रंधा घ्यावा, मग ५५ चा. मग १२ अंशांच्या बैठकीचा, पात्याची उतरण वर ठेवणारा रंधा घेऊन त्याच्या पात्याला ५० अंशांची धार लावावी म्हणजे एकूण ६२ अंश होतात, आणि रंधा ढकलताना माणूस भिंत सरकवतो आहे असे वाटते. त्यावर दातेरी पाते घ्यावे. जपानमधील यामागाता विद्यापीठाच्या कावाई आणि काटो या प्राध्यापकांनी पात्याच्या टोकाशी तंतू कसा चिरतो आणि वळतो याचे अगदी जवळून चित्रण केले, आणि पात्यावर बसवलेली, सालपट मोडणारी चिपब्रेकर नावाची पट्टी धारेपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांवर आणली की साध्या रंध्यानेही खपल्या निघणे थांबते, हे डोळ्यांना दिसेल असे दाखवले. हे चित्रण आपण अवश्य पाहावे, वारंवार पाहावे, आणि आपल्या जुन्या रंध्याचा स्क्रू तेवढा सैल करून पाहण्याचे मात्र टाळावे. एका स्क्रूने प्रश्न सुटला तर नवे तीन रंधे कशासाठी घेतले, याचे उत्तर देणे कठीण जाते.

स्क्रेपर हाही असाच टाळण्याचा विषय. ती पोलादाची एक साधी पट्टी, पत्त्याएवढी नाही तर पोस्टकार्डाएवढी. तिच्या कडेला बारीक आकडी वळवली आणि दोन्ही अंगठ्यांनी तिला किंचित वाकवून ढकलले की ज्या तरंगांनी यंत्राला दाद दिली नाही तेच तरंग पातळ, कुरळ्या सालपटांच्या रूपाने वर येतात. अंगठे भाजतात हे खरे. परंतु इतक्या स्वस्त वस्तूने काम होते हे एकदा घरात कळले की पुढच्या खरेदीचे समर्थन उरत नाही, म्हणून तिला खणाच्या तळाशी ठेवावे.

आता काय बनवावे, याविषयी. खुर्चीचा पाय बनवावा. तंतू जितके तिरके तितके लाकूड दुबळे. पाच इंचांत एक इंच इतका तिरकेपणा असला तर वाकवणारा भार पेलण्याची ताकद घटून निम्म्याच्या आसपास येते. त्यामुळे अशा पायांची खुर्ची सर्वांना दाखवता येते आणि तिच्यावर कोणालाही बसू द्यावे लागत नाही. पेटीचे झाकण करायचे असेल तर फळी मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडावी आणि दोन्ही पाने जोडावीत. नक्षी आरशातल्यासारखी जुळते. फक्त एका पानावरचे तंतू जिथे प्रकाशाकडे वळलेले असतात तिथे दुसऱ्या पानावरचे पाठ फिरवून असतात, म्हणून एकाच्या उजळ पट्ट्यांसमोर दुसऱ्याचे काळपट पट्टे येतात. पॉलिशची चूक आहे असे समजून ते दोनदा खरवडून काढावे. मी तीनदा काढले.

इटलीतल्या क्रेमोनाच्या, व्हायोलिने घडवणाऱ्या स्ट्रॅडिव्हरीचे उदाहरण कोणी तोंडावर फेकले तर गोंधळून जाऊ नये. त्यानेही तरंगांचे मेपल घेतले होते, आणि १७३७ साली तो वारला तोवर त्याचे इतके काम झाले होते की आजही त्याची सुमारे ६५० वाद्ये शिल्लक आहेत. पण विचार करा: इतके सुंदर लाकूड त्या माणसाने कोरून कोरून काही मिलिमीटर जाडीवर आणले! त्याच्याजवळ शिल्लक फळ्या किती राहिल्या असतील, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

आपल्याजवळच्या शिल्लक फळीचे वर्षातून एकदा दर्शन घ्यावे. ती कपाटामागून ओढून काढावी, कोळिष्टके झाडावीत, विक्रेत्याने रंधून दिलेली ती वीतभर जागा शोधावी आणि स्पिरिटमध्ये भिजवलेला बोळा तिच्यावरून एकदाच फिरवावा. तरंग उठतात. फळी थोडी कलती करावी, ते सरकतात. पुन्हा सरळ करावी, परत येतात. मिनिटभरात स्पिरिट उडून जाते, कडेकडून फिकटपणा आत येतो आणि मळकट फळी पुन्हा मळकट होते. बोळा दुसऱ्यांदा भिजवू नये. गेल्या वर्षी मी तो भिजवला, तर तेवढ्या वेळात डावा हात फळीवर काटकोन आखायचा गुण्या धरून बसला होता आणि उजवा पेन्सिल शोधत होता.