“फेज थ्री पंधरा मिनिटांवर” म्हणणाऱ्या सगळ्यांना

पुण्यातल्या वाकडहून हिंजवडी आयटी पार्कची फेज थ्री पंधरा मिनिटांवर आहे, असं यापुढे कुणी माझ्या तोंडावर म्हणालं तर त्याला सोमवारी सकाळी नऊला भूमकर चौकात नेऊन उभं करणार आहे मी. पावसात. टू-व्हीलरवर.

2024 च्या जुलैत फेज थ्रीमधल्या नोकरीसाठी सांगलीहून पुण्याला आले. जॉइनिंगला सहा दिवस होते. तेवढ्यात एरिया ठरवा, फ्लॅट बघा, डिपॉझिट भरा. मामी म्हणाली, कोथरूडच घे, आपली माणसं आहेत. अगं मामी, चांदणी चौक, बावधन, हायवे करत रोज फेज थ्री गाठून बघ एकदा! मैत्रिणीने बाणेर सांगितलं, तिथली भाडी ऐकून मी गप्प बसले. राहिलं वाकड.

एजंटाने फ्लॅट दाखवला तो रविवारी सकाळी. मुद्दाम. आता माझी खात्रीच आहे, मुद्दाम. रस्ता मोकळा, मोबाइलवर मॅप उघडून माझ्या नाकासमोर धरला. “बघा मॅडम, पंधरा-अठरा मिनिटं. आणि मेट्रो सुरू झाली की काय बघायलाच नको!” माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या मेट्रोचं भूमिपूजन झालं डिसेंबर 2018 मध्ये. मी घर शोधत होते तेव्हा साडेपाच वर्षं उलटली होती आणि त्या 23 किलोमीटरवर एकही प्रवासी बसला नव्हता. भाडं मात्र मेट्रो दारात आल्यासारखं. जी गाडी धावतच नव्हती तिचे पैसे मी का भरायचे?

22 हजार भाडं, 70 हजार डिपॉझिट, एजंटाचे 22 हजार. पहिला पगार हातात पडायच्या आधी 1 लाख 14 हजार गेले. बाबांनी एफडी मोडली.

सोमवारी कळलं. आठ-नऊ किलोमीटरला सव्वा तास. मेट्रोच्या कामाने खाल्लेला रस्ता आणि डबक्याखाली कुठे खड्डा आहे याचा पत्ता नाही. तक्रार करायची तर कुणाकडे? वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत, हिंजवडी-माणला ग्रामपंचायत, आयटी पार्क एमआयडीसीचा, मेट्रो पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची. प्रत्येक जण पुढच्याचं दार दाखवतो, आणि लाखभर लोक रोज त्याच चिखलातून कामावर जातात.

पण रस्त्यापेक्षा जास्त राग आहे तो पाण्याचा. मी विचारलं होतं हो! किचनचा नळ सोडून बघितला होता, भसाभस पाणी आलं. “चोवीस तास पाणी, मॅडम.” ते येतं कुठून, हे विचारायचं कृष्णाकाठी वाढलेल्या मला सुचलं नाही. पहिल्याच आठवड्यात पहाटे साडेपाचला घरघर ऐकून जाग आली. खिडकीतून बघते तर गेटवर टँकर, जाड पाइप जमिनीखालच्या टाकीत सोडलेला, वॉचमन वहीत गाडीचा नंबर लिहून घेतोय आणि मागे दुसरा टँकर उभा. एप्रिलमध्ये एका रविवारी घरी बसून मी अकरा मोजले. एकदा तर डोक्याला शाम्पू लावलेला असताना नळातून नुसती हवा यायला लागली. पिण्याच्या जारच्या पाण्याने केस धुतले आणि तशीच ऑफिसला पळाले. महिन्याअखेरीस मालकीणबाईंचा मेसेज: टँकरचे दीड हजार वेगळे. अ‍ॅग्रीमेंटमध्ये याचा एक शब्द नाही!

या मालकीणबाईंनी मला काय काय विचारलं होतं! एकटीच राहणार का? रात्री किती वाजता येता? लग्नाचं बघताहेत का घरचे? मच्छी-मटण करता का? आधार, पॅन, ऑफर लेटर, पोलीस व्हेरिफिकेशन, अंगठा, सगळं घेतलं. दिलंही मी. पण त्या घराला पालिकेचं पाणी दिवसातून किती येतं, टँकरचा खर्च किती, हे मला कुणी एका ओळीत तरी लिहून दिलं? भाडेकरूने आपली जन्मकुंडली मांडायची आणि मालकाने घराबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हा कुठला व्यवहार? गावाहून येणारं पोर चार दिवसांत कुणाच्या भरवशावर एरिया निवडणार?

अकरा महिने संपत आले तेव्हा तोच एजंट नवीन मुलीला फ्लॅट दाखवायला घेऊन आला. रविवारी सकाळीच. सोबत तिचे वडील, हातात पिशवी, लातूरहून रात्रीच्या गाडीने आलेले. एजंटाने मोबाइल काढला तशी मी मध्येच बोलले. काका, उद्या सकाळी नऊला या रस्त्यावर जाऊन बघा, आणि त्याआधी पहाटे साडेपाचला या गेटवर येऊन उभे राहा. एजंट माझ्याकडे बघतच राहिला. ते दोघं फ्लॅट न घेता गेले.

माझ्या डिपॉझिटमधून पेंटिंगचे म्हणून दहा हजार कापले. पावती मागितली, अजून आलेली नाही.