पहिलीआधी शंभरपर्यंत लिहिता आलंच पाहिजे का?

शाळा सुरू व्हायच्या सुमाराला पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. मूल पहिलीत जाण्याआधी त्याला १ ते १०० आकडे लिहिता यावेत, सगळी बाराखडी पाठ असावी, रोज तासभर बसवून वहीत लिहून घ्यावं आणि घरात शक्यतो इंग्रजी बोलावं, नाहीतर मूल मागे पडेल, असं त्यात असतं. मी बालवर्गाला शिकवते. हा मेसेज वाचून धास्तावलेल्या आया मला भेटतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेते.

आधी शंभर आकड्यांचं बघू. लहान मुलांना वाचन आणि गणित यावं म्हणून केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं. पहिलीच्या आधीच्या वर्षासाठी त्यात उद्दिष्ट आहे ते १० पर्यंतचे अंक ओळखून वाचण्याचं. ९९ पर्यंतच्या संख्या वाचणं-लिहिणं पहिलीत अपेक्षित आहे. पहिलीचा वर्षभराचा अभ्यास हा मेसेज पाच वर्षांच्या मुलाकडून आधीच मागतो आहे.

त्यात आपले मराठी आकडे मुलांना खरोखरच अवघड जातात. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि लिहिताना दोन आधी लिहायचे असतात. मग मूल ५२ लिहितं. ते चुकीचं ऐकत नाही, जसं ऐकलं तसंच लिहितं. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात आणि लिहायचे २९. ही अडचण कमी करायला २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २१ साठी ‘वीस एक’ असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! एकवीस, बावीस हे शब्द टिकलेच पाहिजेत असं मलाही वाटतं. पण ती अडचण दुसरीतल्या मुलांची होती, हे तरी लक्षात घ्या. बालवर्गातल्या मुलाला त्याच अडचणीसाठी रागावण्यात काय अर्थ आहे?

त्याऐवजी एक करून बघा. भुईमुगाच्या सात शेंगा मुलापुढे ठेवा आणि मोजायला सांगा. मोजून झालं की विचारा, ‘किती आहेत?’ बरीच मुलं उत्तर न देता पुन्हा एकपासून मोजू लागतात. आकडे तोंडपाठ असतात, पण शेवटी म्हटलेला ‘सात’ म्हणजेच एकूण शेंगा, हे अजून उमगलेलं नसतं. उत्तर आलं तर शेंगा जरा लांब लांब पसरून पुन्हा विचारा. ‘आता जास्त झाल्या’ असं कितीतरी मुलं ठामपणे सांगतात. अशा मुलाने शंभरपर्यंत वही भरली, तर त्याने आकड्यांची चित्रं काढली एवढंच.

खेळाने हे जमतं. अमेरिकेत रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी या संशोधकांनी गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना १ ते १० च्या सरळ पट्टीवरचा सोंगटीचा खेळ खेळायला दिला. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चारच बैठका झाल्या, तरी मुलांची संख्यांची समज वाढली. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेल्या पट्टीवर खेळलेल्या मुलांना तो फायदा झाला नाही. ही पट्टी पुठ्ठ्यावर घरी आखता येते. वळणावळणाने शंभरपर्यंत जाणारी सापशिडी नंतर येऊ दे.

आता बाराखडी. चौतीस व्यंजनं आणि प्रत्येकाची बारा रूपं, म्हणजे चारशेच्या वर आकार. चालीवर म्हणायला मुलांना ती आवडते, खुशाल म्हणू द्या. पण मधल्याच ‘कि’वर बोट ठेवून विचारलं की गाडी अडते, कारण मुलाला चाल पाठ असते, खुणा नाहीत. पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी काढायची आणि नंतर उच्चारायची!

मी क, म, न, ल ही चारच अक्षरं आणि काना एवढ्यावर सुरुवात करते. तेवढ्यात मामा, काका, काम, लाल, कमान असे शब्द वाचता येतात. ‘कान’ची अक्षरं फिरवली आणि काना पहिल्या अक्षराला दिला की ‘नाक’ होतं, हे कळल्यावर मुलं खिदळतात आणि स्वतःच आणखी शब्द शोधू लागतात. निपुणमध्येही या वयासाठी दोन-तीन अक्षरांचे सोपे शब्द वाचणं एवढीच अपेक्षा आहे. सोबत तोंडी भेंड्या खेळा, ‘म’ने सुरू होणाऱ्या वस्तू स्वयंपाकघरात शोधा. शब्दातला आवाज कानाला सुटा ऐकू आला की अक्षर लवकर ओळखीचं होतं.

रोजच्या तासाबद्दल मला रागच येतो. संध्याकाळी दमलेलं मूल, दमलेली आई आणि मध्ये खोडरबराने फाटलेलं पान हे मी फार ऐकलं आहे. हाताला वळण हवं, ते मटार सोलून, कणकेचे गोळे करून, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावूनही येतं. पूर्वी धुळाक्षरं गिरवत, तसं परातीत रवा पसरून बोटाने अक्षर काढू द्या. चुकलं तर हात फिरवला की पुसलं जातं. दहा मिनिटं पुरे, आणि मूल उठून गेलं तर जाऊ दे.

घरात इंग्रजीच बोलण्याचा सल्ला मात्र सरळ बाजूला ठेवा. आजीला जी भाषा येते, तिच्यातच ती नातवाला गोष्ट रंगवून सांगेल, ‘मग पुढे काय झालं असेल?’ विचारेल आणि त्याचं उत्तर नीट ऐकेल. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलालाही वाचलेलं समजायला हेच बोलणं उपयोगी पडतं. आज रात्री ताटं मांडताना एवढंच विचारा: ‘आत्याही जेवायला येणार आहे, मग आता वाट्या किती लागतील?’