वीज नाही, तेल नाही, मग महापालिका करणार काय? बरंच काही

एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. सार असं की ऊर्जा संकट हा देशाचा आणि जागतिक बाजाराचा मामला, शहराकडे ना वीजकेंद्र ना तेलविहीर, त्याचा स्वतःचा वापर नगण्य, दिवे घालवणं म्हणजे फोटोपुरतं नाटक आणि वर गुन्हे वाढतात ते वेगळंच, लोक आवाहनं ऐकत नाहीत, आणि जे खरंच उपयोगाचं आहे त्याला दहा वर्षं लागतात. सबब महापालिकेनं गप्प बसावं आणि वरच्या सरकारकडे बोट दाखवावं. यातला एक मुद्दा बऱ्यापैकी बरोबर आहे, तो कुठला ते पुढे येईल, बाकीचे एकेक करून बघू.

"शहर वीज बनवत नाही, म्हणून काही करू शकत नाही."

पहिली गोष्ट, कित्येक शहरं बनवतात. लॉस एंजेलिसची वीज-पाणी कंपनी शहराच्याच मालकीची आहे. केप टाउनकडे 1979 पासून स्टीनब्रासचं 180 मेगावॅटचं पंप्ड स्टोरेज केंद्र आहे, मागणी कमी असताना पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज घ्यायची. दक्षिण आफ्रिकेत लोडशेडिंगचा कहर चालू होता तेव्हा याच केंद्राच्या जोरावर शहर आपल्या ग्राहकांना बऱ्याचदा देशापेक्षा एखादी पायरी कमी लोडशेडिंग देऊ शकलं (ज्या भागांना थेट राष्ट्रीय कंपनीची वीज जाते त्यांना अर्थात हा फायदा नाही). आता गंमत बघा, असं केंद्र हिशेबानं बघितलं तर वीज निर्माणच करत नाही, उलट पाणी चढवायला जेवढी लागते त्यातला साधारण पाव हिस्सा गमावतं, तरी उपयोग झाला, कारण तुटवडा बऱ्याचदा चोवीस तासांचा नसतोच, ठराविक तासांचा असतो. मेसेज लिहिणाऱ्यानं इथंच घोळ घातलाय. महिन्याला किती युनिट जळली हा एक प्रश्न आणि एका ठराविक घटकेला किती मेगावॅट ओढले गेले हा दुसरा, आणि पीकच्या वेळी, म्हणजे मागणी सगळ्यात जास्त असते त्या तासांत, ग्रीडची दमछाक होते ती दुसऱ्यामुळे. तो दुसरा आकडा खाली आणायला वीजकेंद्र लागत नाही, कोण काय कधी चालू करतंय ते थोडं पुढेमागे सरकवता आलं तरी पुष्कळ होतं.

टोकियोचंच बघा. 2011 च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर त्या भागातली कमाल मागणी आधीच्या उन्हाळ्यातल्या जवळपास 60 गिगावॅटवरून 49 वर आली, म्हणजे 18 टक्क्यांच्या आसपास घट, एकाच वर्षात. मोठ्या ग्राहकांना 15 टक्के कपातीचा आदेश केंद्र सरकारचा होता हे खरंय. पण टोकियोच्या प्रशासनानं एप्रिल 2010 पासूनच मोठ्या इमारतींना कार्बन उत्सर्जनाची मर्यादा घातली होती, त्यामुळे कुठली बिल्डिंग किती खाते याचा हिशेब आधीच लागलेला होता. संकट आल्यावर मीटर शोधत फिरणं आणि यादी हातात असणं यात फार फरक पडतो.

"महापालिकेचा स्वतःचा वापर नगण्य आहे."

टक्केवारीत बघितलं तर हो, शहराच्या एकूण वापरात तो छोटाच असतो. पण तो विखुरलेला नसतो! लाखो घरांना विनवण्या करण्यापेक्षा मोजकी पंपिंग स्टेशनं आणि सांडपाण्याचे प्लांट एका आदेशावर वागतात. पाणी आणि सांडपाणी हा बहुतेक ठिकाणी महापालिकेच्या वीजबिलातला मोठा तुकडा असतो, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या अंदाजानं तिथल्या शहरांच्या स्वतःच्या ऊर्जावापरातला 30 ते 40 टक्के. आणि पाण्याचं एक बरं असतं, ते साठवता येतं. टाक्या रात्री भरून घ्या आणि पीकच्या वेळी पंप बंद ठेवा, नळाला पाणी तेवढंच येईल, कुणाला कळणारही नाही. त्यात पंपाचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह बसवलेला असला तर अजून मजा, वेग 20 टक्के उतरवला की लागणारी पॉवर जवळपास निम्मी होते (वेगाच्या घनाच्या प्रमाणात उतरते ती, मात्र पाणी बरंच उंच चढवायचं असेल तर एवढा फायदा मिळत नाही, हेही सांगून ठेवतो).

आणि गळती! गळून गेलेल्या प्रत्येक लिटरवर शुद्धीकरणाची आणि पंपाची वीज आधीच खर्च झालेली असते. कंबोडियातल्या नॉम पेनमध्ये 1993 साली 72 टक्के पाणी गळती, चोरी नाहीतर बिनबिलाच्या वापरात जात होतं, 2010 पर्यंत ते 6 टक्क्यांच्या आसपास आणलं. हे ऊर्जा संकटासाठी केलं नव्हतं, काही महिन्यांत झालंही नाही, पण ‘स्वतःचा वापर नगण्य’ म्हणणाऱ्यानं एकदा आपल्या पाणीखात्याचं वीजबिल मागवून बघावं.

"रोषणाई बंद करणं म्हणजे नाटक."

हाच तो बऱ्यापैकी बरोबर मुद्दा. 2022 मध्ये पॅरिसनं आयफेल टॉवरची रोषणाई रात्री 1 ऐवजी पावणेबारालाच बंद करायचं ठरवलं, तेव्हा ही रात्रीची रोषणाई टॉवरच्या वर्षभराच्या ऊर्जावापरातला जेमतेम 4 टक्के होती, म्हणजे शहराच्या हिशेबात काहीच नाही. पण त्याच प्लॅनमध्ये महापालिकेच्या इमारतींचं हीटिंग 19 वरून 18 अंशांवर आणणं होतं, स्विमिंग पूलचं पाणी एक अंशानं थंड करणं होतं, आणि खरी बचत तिथं असते. जर्मनीतल्या हॅनोवरनं त्याच वर्षी सरकारी इमारतींमध्ये हात धुवायचं आणि शॉवरचं गरम पाणी बंद केलं, त्याचा फोटो कोण काढणार? तेव्हा टॉवर अंधारात नेणं नाटक म्हणा हवं तर, माझी हरकत नाही, फक्त महापालिकेच्या मुख्यालयावर रात्रभर झगमगाट असताना लोकांना काटकसर करा म्हणून सांगायची हिंमत कुणी करू नये.

"दिवे घालवले की गुन्हे वाढतात."

हे इतक्या ठामपणे म्हणता येत नाही. इंग्लंड आणि वेल्समधल्या 62 स्थानिक प्रशासनांच्या आकडेवारीचा अभ्यास 2015 मध्ये छापून आला, काहींनी दिवे पूर्ण बंद केले होते, काहींनी मध्यरात्रीनंतर, काहींनी मंद केले होते, काहींनी एलईडी लावले होते, आणि त्यामुळे गुन्हे किंवा अपघात वाढल्याचा पुरावा सापडला नाही. पण उलट बाजूही सांगायला पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये सरकारी वसाहतींत जादा दिव्यांचे टॉवर लावून प्रयोग केला तेव्हा तिथले रात्रीचे, बाहेर घडणारे गंभीर गुन्हे साधारण 36 टक्क्यांनी उतरले. दोन्ही एकदम खरं असू शकतं, कारण रिकामा बायपास वेगळा आणि दाट वस्तीतली गल्ली वेगळी. म्हणजे सरसकट स्विच पाडू नका, रस्त्यारस्त्यानं ठरवा, आणि बंद करण्याआधी मंद करून बघा. लॉस एंजेलिसनं 2009 पासून सुमारे 1 लाख 40 हजार दिवे एलईडीवर नेले आणि त्या दिव्यांची वीज 60 टक्क्यांहून जास्त वाचली, तीही अंधार न करता.

"लोक ऐकत नाहीत."

नुसतं आवाहन असेल तर नाहीच ऐकत, पण नियम नीट घातला तर ऐकतात! 1973 च्या डिसेंबरात अरब देशांच्या तेलबंदीमुळे लॉस एंजेलिसच्या वीजकेंद्रांना तेल कमी पडणार हे दिसायला लागलं. पहिला प्रस्ताव होता धंद्यांच्या वेळा कापण्याचा, त्यावर व्यापारी आणि कामगार दोघेही भडकले, कारण पगार बुडणार. मग महापौर टॉम ब्रॅडली यांनी एक छोटी समिती बसवली आणि तिनं वेगळाच मार्ग काढला, घरांनी आणि कारखान्यांनी गेल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा 10 टक्के कमी वापरायचं, दुकानं-ऑफिसांनी 20 टक्के, कसं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि मर्यादा ओलांडली तर बिलावर जबर दंड. शहराचा एकूण वापर 15 टक्क्यांहून जास्त उतरला, आणि दुकानं-ऑफिसांनी तर त्यांना सांगितलं होतं त्याच्याही पुढे जाऊन कपात केली. मला यातलं सगळ्यात पटतं ते हे की कुठला दिवा लावायचा आणि किती वाजता दुकान बंद करायचं यात महापालिकेनं नाक खुपसलं नाही, आकडा दिला आणि बाजूला झाली.

अलास्कातल्या जूनोमध्ये वेगळं घडलं. एप्रिल 2008 मध्ये हिमस्खलनानं जलविद्युत केंद्राची लाइन तोडली, शहर डिझेलवर गेलं, दर जवळपास पाचपट होणार हे जाहीर झालं आणि वापर काही आठवड्यांत 30 टक्क्यांच्या आसपास कमी झाला. लाइन जूनच्या सुरुवातीला जोडली गेली, तरी त्यातली काही बचत पुढेही टिकली. इथं दराचा चटका होता हे मान्य, पण कुठे काय बंद करायचं हे लोकांना सांगायची मोहीमही सोबत जोरात चालू होती. नुसता चटका दिला असता तर ज्याच्याकडे पैसे नाहीत तोच आधी गारठला असता.

"उपयोगी कामांना दहा वर्षं लागतात."

काहींना लागतात. डेन्मार्कनं 1979 मध्ये कायदा करून स्थानिक प्रशासनांना इमारती गरम ठेवायच्या उष्णतेचं नियोजन करायला लावलं, आज कोपनहेगनच्या जवळजवळ सगळ्या इमारती डिस्ट्रिक्ट हीटिंगवर (म्हणजे एका ठिकाणी तयार केलेली उष्णता पाइपांतून सगळीकडे पोचवायची) आहेत, हे एका हिवाळ्यात होत नाही. पण बसची लेन रंग आणि शंकू ठेवून काही दिवसांत निघते. ॲम्ब्युलन्स, कचरागाड्या आणि बसला इंधन आधी, बाकीच्यांना नंतर, हा क्रम कागदावर एका बैठकीत ठरतो, फक्त पंपावर रांगा लागायच्या आधी ठरवायचा असतो.

मेसेजमध्ये जे नाहीच ते जास्त अवघड आहे. टक्केवारीनं कपात लावली की आधीपासून काटकसरीनं राहणाऱ्यावर अन्याय होतो, ज्याच्याकडे दोनच दिवे आहेत त्यानं 10 टक्के कुठून कापायचे? ब्राझीलनं 2001 च्या रेशनिंगमध्ये महिन्याला 100 युनिटपर्यंत वापरणाऱ्या घरांना कपातीतून वगळलं होतं, शहराला असंच काहीतरी करावं लागेल. घरी ऑक्सिजन मशीनवर असलेल्यांची यादीही आधीच तयार लागेल, ती आरोग्य खातं आणि वीजखातं यांनी मिळून करायची म्हणजे इथं पहिलं भांडण. आणि वीज कंपनी शहराचीच असेल तर अजून एक लफडं आहे, लोकांनी खरंच कमी वापरली की उत्पन्न घटतं, तारा, ट्रान्सफॉर्मर आणि पगार यांचा खर्च मात्र तेवढाच राहतो, मग दर वाढवायची वेळ येते आणि ज्यानं इमानेइतबारे बचत केली तोच विचारतो, "वाचवून मला काय मिळालं?" त्याचं उत्तर कपात सुरू व्हायच्या आधी, बिलावर छापून, द्यायला पाहिजे.