एक मात्रा

आमच्या गच्चीवरचं ऊन आजवर एकाच कामाला यायचं: आईच्या कुरडयांच्या. त्यामुळे ‘सोलर बसवू या’ असं मी म्हणालो, तेव्हा घरातला पहिला प्रश्न ‘किती पैसे वाचतील’ हा नव्हता. ‘कुरडया कुठे घालू?’ हा होता.

मी ७८ हजारांवर भाळलो होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली आणि आमच्या गल्लीला अनुदानाचा पाढा पाठ झाला. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, पुढे शून्य. गच्चीवर दहा किलोवॅट चढवा, सरकार ७८ हजारांवर हात आखडतं.

शेजारचे काका म्हणाले, “तीनच बसव. चौथा खिशातून जाईल.”

“पहिले तीनही आधी खिशातूनच जाणारेत,” बायको म्हणाली. ती बँकेत नाही, पण असायला हवी होती. पॅनेल बसून, तपासणी होऊन, आलेली-गेलेली वीज मोजणारं नेट मीटर लागलं की मग अनुदान खात्यात येतं. तोवर ठेकेदारासमोर आपण आणि आपलं पासबुक.

अर्ज भरायला बसलो. ग्राहक क्रमांक टाकला आणि पडद्यावर नाव उमटलं ते आप्पांचं. आप्पांना जाऊन अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं बिल त्यांच्या नावाने येत होतं, मी भरत होतो, कुणाची काही तक्रार नव्हती. पैसे घेताना ग्राहक हयात आहे का, हे कुणी विचारत नाही. द्यायची वेळ आली की विचारतात.

नाव बदलायला मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती आणि पुण्याच्या दादाची नाहरकत लागली. दादाने लगेच सही केली. “फक्त निम्मी गच्ची माझी आहे, हे विसरू नकोस,” एवढंच म्हणाला. मी हसलो.

खिडकीतल्या साहेबांनी मात्र कागद शेजारी-शेजारी ठेवले. बिलावर ‘दत्तात्रेय’, दाखल्यावर ‘दत्तात्रय’.

“हे दोघं एकच का?”

“एकच. वडील आहेत माझे.”

“ते कागदावर दिसत नाही.”

म्हणजे सूर्य आणि मी यांच्यामध्ये आता एक मात्रा उभी होती. ती हटवायला प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार आणि तीन हेलपाटे लागले. त्यातला एक हेलपाटा साहेब जेवायला गेले होते म्हणून.

पॅनेल आली. अनुदानासाठी ती देशी बनावटीचीच लागतात, त्यामुळे ठेकेदाराचा ‘बाहेरचा स्वस्त माल’ बाद झाला. तीन किलोवॅटला साधारण तीनशे चौरस फूट जागा जाते. आईची सोय म्हणून मी सांगाडा उंच करून घेतला आणि तिला कौतुकाने वर नेलं. तिने पॅनेलखाली उभं राहून वर पाहिलं. “सावलीत कुरडई वाळते होय रे?” म्हणाली आणि खाली गेली. त्यानंतर आठवडाभर माझ्या ताटातलं लोणचं गायब होतं.

मग मे महिन्यात भर दुपारी वीज गेली. काका पंख्याखाली बसायला आमच्याकडे आले. आमचाही पंखा बंद. लाइन मेली की पॅनेलची वीज घरात आणणारा आमचा इन्व्हर्टरही मरतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आमच्या गच्चीवरून झटका बसेल, हे मी त्यांना समजावून सांगितलं.

“म्हणजे ऊन आहे, पॅनेल आहेत, आणि वीज नाही?”

“बॅटरी घेतली असती तर—”

काका टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेले.

शेवटी जूनमध्ये ७८ हजार जमा झाले. मेसेज मी फक्त बायकोला आणि आईला दाखवला. संध्याकाळी दादाचा फोन.

“अनुदान आलं म्हणे! निम्मी गच्ची माझी, म्हणजे माझे एकोणचाळीस होतात ना रे?”

मी स्वयंपाकघरात डोकावलो. आई मान खाली घालून, फारच मन लावून मेथी निवडत होती.