पिवळ्यावर एक नाणं, झालं पोस्टर!

परळला मावसभावाच्या नव्या फ्लॅटवर गेलो. दिवाणखान्यात फ्रेम. पिवळाधमक कागद, मधोमध एक गोल नाणं, खाली बारीक अक्षरांत ‘शोले’. "मिनिमल आहे रे, समजून घ्यावं लागतं," इति बंधुराज. जवळ जाऊन पाहिलं तर नाण्यावर ₹ हे चिन्ह! अरे बाबा, सिनेमा १९७५ चा, चिन्ह आलं २०१० मध्ये. जयने उडवलं कुठलं नाणं मग?

आता जाईन तिथे हेच. कॅफेत, सलूनमध्ये, परवा तर दातांच्या दवाखान्यात. मिशी रेखाटली की एक सिनेमा, चष्मा रेखाटला की दुसरा. सिनेमाची एक खूण उचलायची, सपाट रंगावर चिकटवायची आणि वर नऊशे रुपये मागायचे.

कमी रेघांचं वावडं नाही मला. अमेरिकन डिझायनर सॉल बासने १९५८ मध्ये हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ सिनेमाच्या पोस्टरसाठी गरगरत्या रेषा काढल्या, बघूनच भोवळ येते. त्यात सिनेमा आहे. ह्यात आहे फक्त कोडं, तेही बालवाडीतलं.

आणि हे या मुंबईत! जिथे चित्रकार हुसेन परातींवर चढून सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे. सॉरी, परांचीवर. (रागात शब्दही घसरतात.) चोरबाजारात अजून जुनी पोस्टरं मिळतात. घडीवर फाटलेली, पण चेहऱ्यावर निळे-लाल फटकारे असे की नायक कागदातून अंगावर येईल.

भावाला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "सोफ्याला मॅच होतं रे."